गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीला विद्युत उत्तेजन कसे द्यावे

गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची, म्हणजे सांध्याच्या आत मांडीचे व नडगीचे हाड जोडणाऱ्या बंधाची, शस्त्रक्रिया करून नवा बंध बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत अनेकांना मनापासून प्रयत्न करूनही मांडी आवळता येत नाही. सूज आणि वेदनेमुळे सांध्याकडून जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, रोखून धरतात आणि तो झपाट्याने रोडावू लागतो. छोट्या उपकरणाने त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून दिलेला विजेचा प्रवाह मांडीतील चेतातंतूंना थेट चेतवतो व हा अडथळा ओलांडून आकुंचन घडवतो. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत त्याचे मोल सर्वाधिक असते.

उपचार सुरू करण्यापूर्वी शल्यचिकित्सक व फिजिओथेरपिस्ट यांची संमती घ्यावी. पेसमेकर असल्यास, पायाच्या शिरेत गुठळी असल्याची शंका असल्यास किंवा त्या भागातील कर्करोग असल्यास हे उपकरण वापरू नये. जखमेवर, टाक्यांवर किंवा बधिर त्वचेवर पॅड लावू नयेत. वेदना कमी करण्यासाठीचे टेन्स उपकरण निराळे असते, त्यामुळे आपल्या उपकरणावर स्नायू उत्तेजनाची सोय आहे का, हे आधी पाहावे.

मांडी धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल किंवा मलम लावलेले नसावे. मोठ्या आकाराचे दोन पॅड घेऊन एक मांडीच्या वरच्या भागात पुढे, किंचित बाहेरच्या बाजूस लावावा आणि दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूच्या फुगीर स्नायूवर. त्यानंतर फिजिओथेरपिस्टने ठरवलेल्या स्थितीत पाय स्थिर करावा. बरेचदा गुडघा सुमारे ६० अंशांत वाकवून घोटा पट्ट्याने बांधतात, कारण वजन लावून गुडघा सरळ करताना शेवटच्या काही अंशांत नव्या लिगामेंटवर ताण वाढतो.

उपकरणावर वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला येणारे विजेचे स्पंद, साधारण ५० ते ७५ हर्ट्झ आणि स्पंदाची रुंदी, म्हणजे प्रत्येक स्पंद टिकण्याचा वेळ, २०० ते ४०० मायक्रोसेकंद ठेवतात. १० सेकंद आकुंचन व ५० सेकंद विश्रांती अशी १० ते १५ आवर्तने एका सत्रात होतात. विश्रांती मुद्दाम लांब ठेवलेली असते, कारण विजेने चेतवलेले तंतू लवकर थकतात.

सर्वाधिक चूक तीव्रतेबाबत होते. नुसत्या मुंग्या आल्या किंवा स्नायू हलकासा फडफडला, की उपचार झाला असे समजून अनेक जण तिथेच थांबतात. पण तेवढ्याने ताकद वाढत नाही. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका घट्ट आवळला पाहिजे, हात ठेवल्यावर कठीण लागला पाहिजे आणि पाय सरळ ठेवून सराव करत असल्यास वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. हे सुखद नसते, हे आधीच मान्य करावे. सहन होईल त्या मर्यादेपर्यंत प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि शरीर सरावले, की पुन्हा थोडा वाढवावा. प्रवाह येताच स्वतःही पूर्ण जोर लावून मांडी आवळावी, कारण हा उपचार व्यायामाच्या जोडीनेच फळतो.

सत्र संपल्यावर त्वचा पाहावी. थोडी लाली काही वेळात ओसरते. फोड, जळजळ किंवा सांध्यात टोचणारी वेदना असल्यास उपचार थांबवून विचारणा करावी. दुसऱ्या सकाळी गुडघ्याची सूज वाढलेली दिसल्यास पुढील सत्राआधी फिजिओथेरपिस्टना तसे सांगावे. पाय गुडघ्यात न वाकता सरळ उचलता येऊ लागला आणि दोन्ही मांड्यांच्या ताकदीतील फरक तपासणीत कमी होत गेला, की फिजिओथेरपिस्ट विद्युत उत्तेजनाची सत्रे कमी करून व्यायामाचा भार वाढवतात.