सॉलिटेअर सारखा अडतोय? या चुका टाळा

१९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला आणि पानं मांडायचं काम संगणकाने आपल्याकडून काढून घेतलं. म्हणूनच लाईट गेल्यावर खराखुरा कॅट घेऊन बसलं की पहिली चूक मांडणीतच होते. सात रांगा करायच्या, पहिलीत एक पान, दुसरीत दोन, सातवीत सात, आणि प्रत्येकीचं फक्त वरचं पान उघडं ठेवायचं. एकूण २८ पानं खाली गेली की हातात २४ उरली पाहिजेत. ती मोजाच. २३ भरली तर एखादं पान दुसऱ्याला चिकटून गेलंय (पावसाळ्यात जुन्या कॅटचं हे हमखास होतं), २६ भरली तर जोकर काढायचे राहिलेत. आणि गठ्ठा संपल्यावर उघडलेली पानं पिसायची नाहीत, आहेत तशीच पालथी करून पुन्हा घ्यायची.

खरा घात होतो तो पानं वर, म्हणजे एकेका चिन्हाच्या एक्क्यापासून चढत जाणाऱ्या चार ढिगांवर, चढवण्याच्या घाईत. एक्का आणि दुर्री लगेच वर जाऊ द्या, त्यांचं खाली काही काम नसतं. पण बदाम छक्की वर पाठवलीत आणि पुढच्याच वेळी गठ्ठ्यातून इस्पिक पंजी आली, तर ती ठेवणार कशावर? रांगेत काळं पान एकाने मोठ्या लाल पानावरच बसतं, आणि लाल काळ्यावर. म्हणजे उरली एकटी चौकट छक्की, तीही कदाचित पालथ्या पानांखाली. लाल छक्की बिनधास्त वर कधी पाठवायची? दोन्ही काळ्या पंज्या आधीच वर गेल्या असतील तेव्हा. चूक झालीच असेल तर वरचं पान परत खाली आणता येतं. विंडोजच्या जुन्या सॉलिटेअरमध्ये त्याचे १५ गुण कापले जायचे, पण डाव वाचत असेल तर खुशाल कापू द्यावेत.

कारण या खेळात सुरुवातीला २१ पानं पालथी असतात आणि ती उघडणं हेच खरं काम. चौकट अठ्ठी उघडी आहे, दुसऱ्या रांगेत किलवर सत्ती आणि सहाव्या रांगेत इस्पिक सत्ती आहे, अशा वेळी बहुतेक जण जवळची उचलतात. मी सहावीतलीच हलवते. तिच्याखाली पाच पानं दबलेली आहेत, दुसरीत एकच.

दुसरी रांग पटकन रिकामी होईल, हा मोह असतोच. पण रिकाम्या जागेत फक्त राजा बसतो. राजा हाताशी नसेल तर ती जागा नुसती पडून राहते. दोन राजे असतील तर आधी राण्या बघा: काळी राणी मोकळी असेल तर लाल राजा बसवा.

तीन-तीन पानांच्या खेळात (गठ्ठ्यातून एकदम तीन पानं उघडायची, पण वापरायचं फक्त वरचं) लोक गठ्ठ्यातलं चालणारं पान दिसलं की उचलतात. पहिल्या फेरीत काही उचललं नाही तर आपल्याला तिसरं, सहावं, नववं अशी आठच पानं वापरता येतात. त्यातलं तिसरं उचललं की त्याखालचं दुसरं मोकळं होतं, आणि पुढच्या फेरीत सगळी रांग एकाने सरकते: आता चौथं, सातवं, दहावं वर येतं. दुसरंही घेतलं तर पाचवं, आठवं. पण तिन्ही घेतली तर पुढची पानं पुन्हा पहिल्यासारखीच येतात, म्हणजे दबलेली दबलेलीच. म्हणून पहिली फेरी मी फक्त बघण्यात घालवते आणि हवं असलेलं पान कितव्या जागी आहे ते लक्षात ठेवते.

एवढं सांभाळूनही डाव अडला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. सगळी पालथी पानं आधीच माहीत असली, तरी तीन-तीनच्या खेळात १०० पैकी साधारण ८२ डावच सुटू शकतात. बाकीच्यांसाठी पानं गोळा करा, नीट पिसा आणि नवा डाव मांडा.