पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्या

शनिवार-रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात मी मराठीचा वर्ग घेते. २२ मुलं, वय ६ ते ९, शाळा कुणाची गुजराती तर कुणाची इंग्रजी माध्यमाची. बाकं नाहीत, सतरंजी आहे. कुणी खिडकीत बसून वाचतं, कुणी पालथं पडून लिहितं आणि मी एकेकाशेजारी पाच-पाच मिनिटं बसते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात याला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. मी ‘गप्पा’ म्हणते. कॉन्फरन्स म्हटलं की पालक इस्त्रीचे कपडे घालून येतात.

पद्धत तुम्हाला माहीत असेलच. काय चाललंय ते विचारायचं, ऐकायचं, एकच गोष्ट शिकवायची, उठायचं. मलाही माहीत होती. तरी पहिल्या वर्षी मी सपशेल आपटले, आणि तेही एका पेन्सिलीपायी.

सात वर्षांची एक मुलगी आजीबद्दल लिहीत होती. हाताला गुजराती लिपीची सवय, म्हणून शब्दांवर रेघ नाही. मी तिची पेन्सिल घेतली आणि ‘बघ, अशी’ म्हणत तीन ओळींवर रेघा ओढून दिल्या. मदत केली असंच वाटलं. पुढच्या शनिवारी मी शेजारी टेकले मात्र, तिने वही माझ्याकडे सरकवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. सव्वा महिना ती माझ्यासमोर एक शब्द लिहीना.

हे नीट समजून घ्या, कारण यात मायाळू माणसंच आधी सापडतात. पोर जोडाक्षरावर अडलेलं, मागे दोघं ‘ताई, माझा नंबर’ करत उभी, तुमचा हात वहीपासून चार बोटांवर. एक शब्द लिहून दिला तर काय बिघडतं? बिघडतं असं, की त्या पानावरचं सगळ्यात चांगलं अक्षर आता तुमचं असतं आणि पोराला ते दिसतं. शब्द जरूर दाखवा, पण आपल्या चिठ्ठीवर लिहून. बघून वहीत ते स्वतः उतरवेल. खोडरबर हातात घेतलात तरी तीच गत. आणि नोंदी? मी ‘नोंदींसाठी’ म्हणून पेन जवळ ठेवायची आणि तेच पेन वहीत घुसायचं. आता नोंद उठल्यावर, दाराशी उभी राहून, एका ओळीत. बसताना हात रिकामे.

वाचताना हाताचं काम जीभ करते. मूल अडलं की आपण शब्द पुरवतो. मनात पाचपर्यंत मोजा. फार लांब वाटतात ते पाच, मला माहीत आहे. ‘घरात’च्या जागी ‘घरी’ वाचलं तर सोडून द्या, अर्थ शाबूत आहे. ‘चाक’मधला च ‘चहा’तल्यासारखा म्हटला तर तोही सोडा, गुजरातीत च एकच, कान बसायला वेळ लागतो. ‘मासा’च्या जागी ‘माशी’ पोहायला लागली, तर मात्र विचारा, ‘माशी पोहते?’

दीड तासात मी सहाजणांशीच बोलते, म्हणजे सगळा वर्ग दोन आठवड्यांत एकदा होतो. एका अनुभवी बाईंनी ‘प्रत्येक वर्गात सगळ्यांना गाठ’ असं बजावलं होतं. २२ गुणिले ५ म्हणजे ११० मिनिटं, वर्ग ९०चा! त्या स्वतः मुलांशेजारी बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. मार्गदर्शक निवडताना एवढंच बघा, त्यांचे गुडघे सतरंजीला टेकतात का. आणि ‘मुलांना विचारायचे प्रश्न’ छाप पीडीएफ फिरतात, त्या उघडूसुद्धा नका. पोर बोलत असतं, आपले डोळे पुढच्या प्रश्नावर. पोलीस चौकीच ती.

मुलं लोळतात म्हणून एखादी आई नाक मुरडेलच. तिला सांगा, मुलांना मोकळं ठेवून शिकवणं नवं नाही; बालशिक्षणवाले गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर काढलं ते १९२० साली, आणि आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करत होत्या. पुस्तकं मिळत नाहीत ही सबब बडोद्यात तरी नको. सयाजीरावांनी १९१०मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणवला तो कशासाठी? मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा.

पहिले काही आठवडे ‘काय लिहितोस?’ला ‘काही नाही’ एवढंच उत्तर येईल. घाबरू नका, सगळ्यांना येतं. तिथेच बसून राहा.

त्या मुलीशेजारी मी शेवटी हात मांडीखाली दाबून बसले. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, ‘आजी जमली नाही.’ गुजरातीतलं जमवुं, म्हणजे जेवली नाही. तोंडाशी आलेलं ‘जेवली’ गिळून मी विचारलं, ‘का गं?’

‘आजोबा दवाखान्यात होते ना.’

मग पान भरलं. वरच्या रेघा नाहीतच. त्यांचं दिवाळीनंतर बघू.