मालिकेतली मामी, सासरा, सरपंच व्हायचंय? नागपूरच्या कलावंतांसाठी

नायक-नायिकेच्या मालिकेत आत्या लागते, मामी लागते, वकील, सरपंच, शेजारच्या काकू असे सगळे लागतात. ही चरित्र भूमिकांची कामं मी नागपुरात राहून वर्षानुवर्षं करते आहे. तालमीला येणारी मुलं-मुली नेहमी विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करायची?" त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

मुंबईचं तिकीट काढायची घाई करू नका. आधी इथे भरपूर नाटक करा. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर दरवर्षी प्राथमिक फेरी होते, तिथे मिळेल ती भूमिका घ्या. जमलं तर दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, एक हंगाम काढा. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिथलं मुख्य केंद्र. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि समोरचा प्रेक्षक तेवढा वेळ थंडीत बसलेला असतो. त्याला धरून ठेवायचं बळ कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल. मात्र तिथला आवाज जसाच्या तसा सेटवर नेऊ नका. कॉलरला लावलेल्या माईकला कुजबुजही ऐकू येते. श्वास नाटकाचाच ठेवा, आवाज घरातल्या माणसाशी बोलतो तेवढा.

आता खरं काम सांगते. मालिकेतला जेवणाचा सीन घ्या. टेबलाभोवती आठ-नऊ माणसं, वाक्यं मुख्यतः नायिकेला आणि सासूला, तुम्हाला एकच: "अगं, जेवू दे की त्याला." आधी मास्टर लागतो, म्हणजे सगळे एका चौकटीत. मग एकेकाचे क्लोज, म्हणजे जवळून फक्त एकाचा चेहरा. दर वेळी तोच सीन पहिल्यापासून. मास्टरमध्ये तुम्ही "जेवू दे" या शब्दांवर भाकरीचा तुकडा मोडला असेल, तर क्लोजमध्येही तिथेच मोडायचा, त्याच हाताने. पाण्याचा पेला उजवीकडे ठेवला असेल तर तो उजवीकडेच. कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये सगळं जुळतंय ना, ते बघायला असिस्टंट असतो, पण त्याला आठ-नऊ माणसं सांभाळायची असतात. तुमचा हात तुमच्याच लक्षात हवा. हालचाल शब्दाला बांधली की ती विसरत नाही. आणि घास छोटा घ्या बाप्पा, संध्याकाळपर्यंत तोच घास पुन्हा पुन्हा खायचा असतो.

याचा सराव घरी होतो. फोन स्टँडवर लावा, घरातल्या कुणाला समोरची वाक्यं वाचायला सांगा आणि एकच सीन तीन बाजूंनी शूट करा. मग तिन्ही व्हिडिओ शेजारी लावून बघा.

आणि वाक्य नसेल तेव्हा? चरित्र कलावंताचा कस तिथेच लागतो. एडिटरला नायिकेच्या वाक्यानंतर कुणाचा तरी चेहरा हवा असतो आणि तो नेहमी ऐकणाऱ्या माणसाचाच चेहरा उचलतो. भुवया उंचावू नका, सुस्कारे सोडू नका. बोलणाऱ्याचं बोलणं पहिल्यांदाच कानावर पडतंय असं ऐका. आपल्या पात्राचा त्या घरात कुणावर जीव आहे आणि कुणाचा धाक आहे, एवढं आधी ठरवून ठेवा. नजर आपोआप योग्य माणसाकडे जाते. माझ्या दोन-तीन दिवसांच्या भूमिका लांबल्या त्या अशाच ऐकण्यामुळे, असं मी मनापासून मानते.

भाषेचं सांगायलाच हवं. "काऊन", "मले", "करून राहिली" हे आपलं धन आहे. भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी घराघरांत नेली, तेव्हापासून विदर्भाच्या बोलीला मागणीही आहे. पण अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी, नागपूरची बोली आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगवेगळ्या आहेत. पात्र कुठल्या गावचं ते विचारा आणि तीच बोला. त्याचबरोबर प्रमाण मराठीही तेवढ्याच सहजपणे यायला हवी, नाहीतर दर वेळी गावाकडची बाईच वाट्याला येते. हिंदी आपल्याला इतवारीच्या बाजारातच मिळालेली असते, तिचा हिंदी मालिकांसाठी उपयोग करा.

ऑडिशन आता बहुतेक वेळा फोनवरून पाठवायची असते. मागे साधी भिंत, खिडकीचा उजेड समोरून, पंखा बंद. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू (प्रोफाइल). "नागपूरला राहते, एका दिवसाच्या निरोपावर निघू शकते" हे स्पष्ट सांगा, आणि सांगितलं तर पाळा. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी इथून निघून सकाळी मुंबईत पोचवते. काम देण्यासाठी कुणी पैसे मागितले, मग ते 'कार्ड'चे असोत की 'रजिस्ट्रेशन'चे, तिथेच नाही म्हणा.

पैशांचं बोलताना लाजू नका. दर पर डे ठरतो आणि शिफ्ट साधारण १२ तासांची असते. होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: महिन्याला किमान किती दिवस, प्रवास आणि राहणं कुणाकडे, जादा तासांचं काय, पैसे कधी. पैसे बऱ्याचदा ९० दिवसांनी येतात, म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च आधीच हाताशी हवा. मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच वजा होणारा आयकर, कापला जातो; तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते बघा आणि रिटर्न भरा. कथेचा ट्रॅक बदलला की तुमच्या मामीला एका रात्रीत गावी पाठवतात, त्यामुळे नागपुरातली शिकवणी, डबिंग, जे काही उत्पन्न असेल ते चालू ठेवा.

एक वही करा. तारीख, मालिका, शिफ्ट, किती तास, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम. सेटवरून निघताना गाडीत बसल्या बसल्या भरा आणि प्रॉडक्शनवाल्यांना त्याच रात्री तेवढाच मजकूर मेसेज करून ठेवा.