माका समजून एकदांडी आणताय? या चुका टाळा

पितृपंधरवडा जवळ आला की आमच्या परभणीकडे माक्याची शोधाशोध सुरू होते. श्राद्धाला पानं लागतात, उरलेला पाला खोबरेल तेलात कढवतात. मागच्या भाद्रपदात शेजारच्या काकू पाटीभर पाला घेऊन आल्या.

"काकू, कुठून आणलात?"

"माळावरून. तिथं नुसता पसरलाय."

तिथंच चूक कळली. माका पाण्याचा सोबती आहे. विहिरीचं थारोळं, उसाचे दांड, कालव्याच्या चारीची कड, अशा ओलीत तो सापडतो. कोरड्या मुरमाड माळावर पसरलेली असते ती एकदांडी, म्हणजे आपला दगडी पाला. खरचटल्यावर लेकरांना तिचा रस लावतात. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातल्या, दोन्हींची पानं समोरासमोर आणि खरखरीत, त्यामुळे नजर फसते.

फूल जवळून बघा. एकदांडीचं फूल वीतभर लांब अशा एकट्या दांडीवर उभं असतं. मधोमध पिवळं, भोवती पाचेक रुंद पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. माक्याचं फूल जेमतेम 8 मिलिमीटरचं, आखूड देठावर. कडेला दोऱ्यासारख्या बारीक पांढऱ्या पाकळ्यांची दाट झालर, मध्यभागही पांढुरकाच. बी धरलं की एकदांडीची म्हातारी वाऱ्यावर उडते. माक्याचं बी काळपट आणि बिनकेसांचं, ते बोंडातून खाली गळतं.

फूल नसेल तर ताजी कोवळी काडी बोटांत चुरगळा आणि थोडं थांबा. माक्याचा रस हवा लागली की काळपट होतो, बोटांवर डाग राहतो. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच परीक्षेवर आहे. ओलीतच एक राजगिऱ्याच्या कुळातली वनस्पतीही माक्यासारखी दिसते, पण तिची पानं गुळगुळीत आणि पांढरे गेंद पानाच्या बेचक्यात, बिनदेठाचे चिकटलेले असतात. गाजर गवताची पानं तर गाजरासारखी कातरलेली, एकाआड एक. ते उघड्या हाताने उपटूच नका.

आता लावणीकडे. बहुतेकांचं बी उगवत नाही, कारण ते मेथीसारखं मातीत दाबतात. माक्याच्या बियाला उगवायला उजेड लागतो. ओल्या चिखलावर बी भुरभुरा, तळव्याने हलकं थापा, वर माती टाकू नका. घाई असेल तर वीतभर काडी लावा. पेराला मुळं फुटतात, काडी सहसा वाया जात नाही.

नुसती काळी माती कुंडीत भरणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. ती वाळली की भेगाळते आणि वरच्या थरातली मुळं तुटतात. थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडीखाली ताटली ठेवून तिच्यात पाणी राहू द्या. इतर झाडांना जे जास्त पाणी होतं, ते माक्याला मानवतं. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र दुपारची सावली हवीच. बी गळून गेल्यावर झाड वाळलं तर खत घालत बसू नका, त्याचं आयुष्य तेवढंच. कुंडी ओली ठेवा, त्याच मातीतून नवी रोपं येतात.

गटाराकाठचा माका कितीही टवटवीत दिसला तरी घेऊ नका, आणि तणनाशक फवारलेल्या बांधावरचाही नको. गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांना याच कुळातल्या माक्याचाही त्रास होऊ शकतो; तेल आधी हाताला थेंबभर लावून एक दिवस बघा.

काकूंनी यंदा कुंडीत खरा माका लावला, सावलीत पाला वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी घाबरून हाक मारली, "सगळा काळा पडला गं!" माका वाळताना काळवंडतोच. बुरशीचा कुबट वास किंवा चिकटपणा नसेल तर तो पाला खुशाल वापरा.