कोनफ्लॉवर: थंडीआधी काय ठेवावं, काय उपटावं

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेत इलिनॉय, ओहायो, न्यू जर्सीकडच्या बागांतली कोनफ्लॉवर (एकिनेशिया) ही बहुवर्षायू फुलझाडं उतरणीला लागतात. पाकळ्या गळतात, मधलं काटेरी बोंड काळं पडतं आणि वाफा एकदाचा साफ करावासा वाटतो. पण सरसकट छाटणी करू नका. निरोगी झाड उभं राहू द्या, रोगट मुळासकट काढा. ही निवड पानं हिरवी आहेत तोवरच होते. फ्रॉस्टनंतर, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीनंतर, सगळी झाडं सारखीच तपकिरी दिसतात.

आधी रोगट झाडं शोधा. पाकळ्या रंग न धरता हिरव्या राहिल्या असतील, बोंडातून पानांचे झुबके फुटले असतील, पानं पिवळट आणि फुटवे बारीक व दाट असतील, तर तो अॅस्टर यलोज नावाचा रोग. गावाकडे वांग्यावरचा पर्णगुच्छ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे रूप ओळखीचं वाटेल. दोन्हीकडे रोगाचं मूळ फायटोप्लाझ्मा हा जिवाणूसारखा सूक्ष्मजीवच, आणि तो पसरवतात तुडतुडे. यावर औषध नाही. वरचा भाग कापूनही उपयोग नाही, कारण रोग मुळांत हिवाळा काढतो. झाड कितीही आवडीचं असो, उपटाच. डँडेलियनसारख्या तणांतही हा रोग टिकतो, म्हणून वाफ्याच्या कडेचं तणही काढून टाका.

मात्र प्रत्येक वेड्यावाकड्या फुलाला हा रोग समजू नका. पानं हिरवीगार, पाकळ्यांचा रंग जागच्या जागी आणि फक्त बोंडावर खरबरीत तुरे आले असतील, तर बहुधा ते एरिओफाइड या कोळी-किडीचं काम असतं. हे कोळी डोळ्यांना दिसत नाहीत. अशी फुलं कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि ते झाड शरदातच जमिनीलगत छाटा. झाड वाचतं. चांगली झाडं विनाकारण उपटली जातात ती इथेच, म्हणून घाई नको.

निरोगी झाडांची बोंडं हिवाळाभर ठेवा. पिवळे गोल्डफिंच पक्षी त्यांतलं बी खायला येतात. वसंतात छाटतानाही वीतभरापेक्षा जास्त, साधारण 30 ते 40 सेंटिमीटर खुंट ठेवा. त्या पोकळ होणाऱ्या दांड्यांत छोट्या रानटी मधमाश्या घर करतात.

नवी रोपं लावायची तर पहिल्या फ्रॉस्टला निदान सहा आठवडे हवेत. नाहीतर सरळ वसंतापर्यंत थांबा. दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. या झाडाला कडाक्याच्या थंडीपेक्षा बुडाशी साचलेलं पाणी जास्त मारतं, त्यामुळे चिकणमातीत वाफा उंच करा. खत जवळपास नकोच. नत्र जास्त झालं की दांडे लुळे पडतात. रंगीत संकरित वाणांची पहिल्या वर्षी निदान सुरुवातीची फुलं खुडा, म्हणजे मुळं धरतात.

बी पेरायचं असेल तर नोव्हेंबरात, जमीन गार झाल्यावर, जेमतेम मातीने झाकेल इतकंच खोल टाका. ओल्या थंडीत राहिलेलं बी वसंतात चांगलं उगवतं. संकरित वाणाचं बी मात्र आईसारखं फूल देईलच असं नाही. पहिल्या वर्षी बहुतेक नुसती पानं येतात, फूल दुसऱ्या वर्षी. पेरलेल्या ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. एप्रिल-मे महिन्यांत ही रोपं तण समजून खुरपली जातात.