इंजिन उघडण्याआधी ब्रीदर पाइप बघा

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीखाली तेलाचे डाग पडायला लागले, तेव्हा गॅरेजवाल्यांनी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलून दिलं. दोन महिन्यांत डाग पुन्हा हजर. मग क्रँकचं मागचं ऑइल सील बदलायचं ठरत होतं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. खर्च ऐकून मी थांबलो आणि तुर्भ्याच्या एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी सैल केली. टोपी जागच्या जागी थडथड उडायला लागली. ते म्हणाले, "बॅक कॉम्प्रेशन आत कोंडलंय, दादा. सीलला हात लावू नका, आधी ब्रीदर बघू." ब्रीदर म्हणजे इंजिनात कोंडणारा वायू बाहेर काढणारी वाट. त्या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह चिकटाने पूर्ण बंद झाला होता. नवा व्हॉल्व्ह आणि नवं पॅकिंग बसवल्यावर गळती थांबली. सील आजही जुनंच आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटाच्या दाबाने थोडा वायू त्यांच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागात, उतरतोच. यालाच मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि तेलाचे बारीक थेंब असतात. हा वायू बाहेर पडला नाही तर दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. पूर्वी गाड्यांना एक उघडा पाइप असायचा, त्यातून सगळं रस्त्यावर सोडलं जाई. कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हा वायू पुन्हा इंजिनातच जाळणं सक्तीचं झालं. आज आपल्याकडच्या गाड्यांतही तीच सोय असते. एअर फिल्टरकडून एका पाइपने स्वच्छ हवा आत येते आणि दुसऱ्या बाजूने पीसीव्ही व्हॉल्व्हमधून आतला वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांत, ओढला जातो.

व्हॉल्व्हच्या आत एक स्प्रिंग आणि छोटा दट्ट्या, एवढंच असतं. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जोरदार असतो, म्हणून दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद होते. गाडीवर लोड आला की व्हॅक्यूम उतरतो आणि वाट मोठी होते. गायमुखच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात तर व्हॅक्यूम जवळजवळ संपतो आणि जास्तीचा वायू उलटा एअर फिल्टरकडे जातो. म्हणून फिल्टरच्या डब्यात तेल दिसलं, तर आधी ब्रीदरचा संशय घ्यावा.

ठाणे-नवी मुंबईत ही यंत्रणा लवकर चोंदते, याचं कारण आपलं गाडी चालवणं. माजिवडा ते कासारवडवली रांगत जायचं, किंवा घर ते स्टेशन तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करायची. तेल पुरेसं तापतच नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही, आणि पाणी-तेलाचं मिळून लोण्यासारखं फेसाळ चिकट तयार होतं. पावसाळ्यात ते आणखी वाढतं.

तपासणी

गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा बंद पोडियममध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाही, ओढणी, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

पहिल्यांदा इंजिन थंड असताना ऑइलची टोपी उघडून तिच्या आत बघा. फिकट पिवळा लेप दिसला तर लगेच घाबरू नका. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत जुलै-ऑगस्टमध्ये तो दिसतोच आणि सायन-पनवेल हायवेवर तासभर मोकळं चालवल्यावर बराचसा जातो. पण डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर प्रकरण हेड गास्केटचं, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचं, असू शकतं. तेव्हा गाडी चालवू नका, मिस्त्रींना बोलवा.

मग इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा, टोपी सैल करून तोंडावर नुसती ठेवा. पेट्रोल गाडीत ती शांत बसायला हवी. पातळ प्लास्टिकचा तुकडा तोंडावर धरलात तर तो हलकेच आत ओढला जायला हवा. टोपी उडत असेल, धूर भसाभस येत असेल, तर एकतर ब्रीदर बंद आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. उलट टोपी इतकी घट्ट ओढली गेली असेल की निघतच नाही, किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आतला रबरी पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच नव्या गाड्यांत वेगळा व्हॉल्व्ह नसतो, पडदा टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो. डिझेलचं गणित वेगळं आहे. तिथे टोपीतून थोडी वाफ येणं स्वाभाविक असतं, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका.

शेवटी व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डकडे जाणारा पाइप कापडात धरून पकडीने हळूच दाबा. इंजिनाचा आवाज किंचित बदलला तर वाट चालू आहे. काहीच फरक पडला नाही तर पाइप किंवा व्हॉल्व्ह चोंदला आहे.

साफ करणं आणि बदलणं

आता इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. क्लिप सैल करून पाइप काढा. व्हॉल्व्ह ज्या रबरी वायसरमध्ये बसतो ते जुनं झाल्यावर कडक होऊन तुटतं आणि तुकडे आत पडतात. म्हणून व्हॉल्व्ह सरळ न ओढता हळूहळू फिरवत काढा आणि वायसर नवंच टाका. व्हॉल्व्ह कानाशी हलवून बघा, टकटक आवाज आला पाहिजे. मात्र आवाज आला म्हणजे व्हॉल्व्ह चांगलाच, असं नाही, स्प्रिंग थकलेली असू शकते. स्वच्छ नळीचा तुकडा लावून हवा मारा: इंजिनाच्या बाजूने हवा जायला हवी, मॅनिफोल्डच्या बाजूने जवळपास अडायला हवी. कार्ब क्लीनरने धुता येतो, पण आत तार खुपसू नका. माझं मत विचाराल तर धुण्यात वेळ घालवू नये. बऱ्याच साध्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, नवाच घ्या आणि आपल्या मॉडेलचाच घ्या. दिसायला सारख्या दोन व्हॉल्व्हांची स्प्रिंग वेगळी असते आणि चुकीच्याने आयडलिंग बिघडतं.

पाइप बोटांनी दाबून बघा. लोण्यासारखा मऊ पडलेला किंवा वाकवल्यावर भेगा दाखवणारा पाइप बदला. नळाचा साधा पाइप कापून लावण्याची सवय फार वाईट, तो तेलाने फुगतो आणि व्हॅक्यूमने चपटा होतो. तेल सोसणारा, त्याच आतल्या व्यासाचा पाइप मागा. सगळं बसवल्यावर पुन्हा टोपीची चाचणी करा. टोपी अजूनही उडत असेल तर रिंगा गेल्यात का ते कळायला कॉम्प्रेशन तपासून घ्या. दर ऑइल बदलाला ही तपासणी दहा मिनिटांत होते.

बाइकवाल्यांसाठी एक गोष्ट. अनेक बाइकच्या एअर फिल्टरच्या डब्याखाली बूच लावलेली छोटी नळी लोंबत असते. पावसाळ्यात तिच्यात पांढरट पाणी साठतं. खाली वाटी धरून बूच काढा, रिकामं करा, बूच परत लावा.

कॅच कॅन लावायचा असेल तर

बदल म्हणून बहुतेक जण कॅच कॅनच विचारतात. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बसणारा हा डबा तेलाचे थेंब अडवतो. ज्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं, तिथे इनटेकच्या व्हॉल्व्हांवर पेट्रोलची धार पडत नाही, म्हणून कार्बन साचतो. अशा गाडीत डब्याचा उपयोग आहे. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल इनटेकच्या व्हॉल्व्हांवर मारलं जातं, मी तो लावणार नाही.

डब्यात पार्टिशन हवं. नुसता तारेचा गुंता भरलेला डबा घेऊ नका, सुटलेली तार थेट इंजिनात जाते. डबा सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर, हलणार नाही असा बसवा. सांधे हवाबंद ठेवा, कारण फटीतून शिरलेली हवा सेन्सरने मोजलेली नसते. आणि डब्यातून निघणारा पाइप परत इनटेकमध्येच गेला पाहिजे. वर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडणं, किंवा ब्रीदर पाइप काढून रस्त्याकडे लोंबता ठेवणं, हे मला अजिबात मान्य नाही. तो वास एसीतून गाडीतल्या मुलांच्या नाकात जातो, आणि सिग्नलला शेजारी उभ्या स्कूटरवाल्याच्याही. पीयूसी सायलेन्सरच्या तोंडाशी होते म्हणून तिथे हे पकडलं जात नाही. पण प्रदूषणाच्या नियमांत हा वायू बाहेर सोडायला परवानगी नाही, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करण्यावर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ची बंधनं आहेत. वॉरंटीतल्या गाडीत आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

सुरुवातीला दर हजार किलोमीटरला डबा उघडून बघा, मग किती भरतो ते पाहून अंतर ठरवा. पावसाळ्यात पाण्यामुळे तो दुप्पट वेगाने भरल्यासारखा वाटेल. निघालेला मळ गटारात ओतू नका. इथली गटारं शेवटी खाडीलाच मिळतात, तिथे दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. जुनी बाटली भरून ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजच्या काळ्या तेलाच्या पिंपात रिकामी करा.