कूस बदलली की घर फिरतं? या चुका टाळा

पहाटे बाजेवर कूस बदलली, आढं गरगर फिरलं, बाजेची कड घट्ट धरून डोळे मिटले आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं थांबलं. असं झालं की गावात कारणं तयारच असतात: बीपी लो झाला, पित्त चढलं, नाहीतर मानेचा मणका. मग सलाईन लागते, मानेला पट्टा येतो. कानाकडे मात्र कुणी बघत नाही.

सलाईनवर भरवसा

आतल्या कानात तोल सांभाळणारा भाग असतो. त्यात कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्याने ते जागचे सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत उतरतात. मग कूस बदलली, फळीवरचा डबा काढायला मान वर केली किंवा कापूस वेचताना वाकलं, की ते कण नळीतलं पाणी हलवतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. सलाईनने हे कण जागेवर जात नाहीत. मानेच्या पट्ट्याने तर नाहीच.

जातात ते डोकं ठरावीक क्रमाने वळवल्याने. जॉन एप्ली या डॉक्टरांनी १९९२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. काही मिनिटांचं काम आहे, अनेकांना एक-दोन वेळातच आराम पडतो. सुई नाही, ऑपरेशन नाही. तरीही माणसं वर्षानुवर्षं चकरेच्या गोळ्या खातात, याचं मला फार वाईट वाटतं.

मोबाईलवर बघून घरीच करू नका, निदान पहिल्यांदा तरी. कोणत्या कानात दोष आहे हे आधी ठरावं लागतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ पेशंटला झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघतात आणि त्यावरून कान ओळखतात. नागपूर, अकोला, यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये किंवा सेवाग्रामला हा विभाग आहे.

महिनोन्‌महिने चकरेची गोळी

गरगर जोरात असताना दोन-तीन दिवस गोळी ठीक. पण गुंगी आणणाऱ्या गोळ्या रोज चालू ठेवल्या तर मेंदूला नव्याने तोल शिकता येत नाही. त्यातल्या काहींनी म्हाताऱ्या माणसाचे हातपाय थरथरायला आणि ताठरायला लागतात. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

अंधारात चालणं

तोल तीन गोष्टींवर उभा असतो: कान, डोळे आणि पावलांना लागणारी जमीन. कान कमजोर झाला की डोळे सांभाळून घेतात. अंधारात तेही जातं. शुगरमुळे पाय बधिर असतील तर काहीच उरत नाही. म्हणून रात्री पाण्याची पाळी आली तर अशा माणसाने एकट्याने वावरात जाऊ नये. विहिरीला कठडा नसेल तर काठाशी मुळीच नाही, मोटर चालू करायला दुसऱ्याला पाठवा. धुऱ्यावरून चालताना हातात बॅटरी आणि काठी, दोन्ही हव्यात.

घरातली सगळ्यात धोक्याची जागा न्हाणी. फरशी ओली, तोंडाला साबण म्हणून डोळे मिटलेले, डोक्यावर पाणी घ्यायला मान झुकलेली. तिन्ही आधार एकदम सुटतात. प्लास्टिकच्या स्टुलापेक्षा जड, रुंद पाटावर बसून अंघोळ करा. भिंतीत लोखंडी पाईपाचा तुकडा बसवून घ्या, गावातला वेल्डर तो करून देतो. झोळ पडलेल्या बाजेवरून एकदम उठू नका. आधी बसा, पाय खाली सोडा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा.

"आजी, तू उठूच नको"

मायेपोटी होणारी ही चूक. पडून राहिलं की मांड्या गळतात, भीती वाढते आणि पुढचं पडणं जवळ येतं. सोबत धरून रोज अंगणात फिरवा.

सगळी चक्कर कानाचीच समजणं

चकरेसोबत बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसायला लागले, हातात जोर राहिला नाही किंवा उभंच राहता येईना, तर तो लकवा असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

एरवी दवाखान्यात जाताना "चक्कर येते" एवढंच सांगू नका. कोणत्या कुशीला वळल्यावर येते, किती वेळ टिकते, कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, पूर्वी टीबीची किंवा जंतुसंसर्गाची इंजेक्शनं बरेच दिवस घेतली होती का, हेही सांगा. त्यातल्या काही इंजेक्शनांनी आतला कान कायमचा दुखावतो.